नुसती मान हलवू नका, काका

‘ताई, नमस्कार. मी ६६ वर्षांचा, नाशिकच्या सिडकोत राहतो. अंबडच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या यंत्रांवर, तीसेक वर्षं काढली. रिटायर होण्याआधीच कान कमी झाले होते, आता फारच झालेत. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. दोन वर्षांपूर्वी मुलाने ४५ हजारांचं मशीन घेऊन दिलं, उजव्या कानाला. घातलं की भांड्यांचा, गाड्यांचा आवाज डोक्यात घुसतो आणि बोलणं तसंच गढूळ. आठवडाभर वापरलं, तेव्हापासून कपाटात आहे. मुलगा त्यावरून नाराज. बायको म्हणते, तुम्हाला हवं तेवढं बरोबर ऐकू येतं. ती ओरडून बोलते, मग मी चिडतो.

मागे एका जुन्या मित्राचा भाऊ गेला म्हणून भेटायला गेलो होतो. तो काहीतरी सांगत होता, मी आपला मान हलवत “चांगलं झालं, चांगलं झालं” म्हणालो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरी आल्यावर बायकोने सांगितलं, तो भावाचे शेवटी किती हाल झाले ते सांगत होता. तेव्हापासून कुठे जावंसं वाटत नाही. ज्येष्ठ नागरिक संघ सोडला. दर मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला जायचो, यंदा तेही नाही. कान गेले की स्मरणशक्ती जाते असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं, ते खरं का? नातू यंदा ढोल पथकात गेलाय, त्याच्या कानांचं काय, तेही सांगा. नाव छापू नका.’

— सिडकोतले एक वाचक

नमस्कार काका,

पत्रात मशीनचं गाऱ्हाणं आधी आलंय, पण तुम्हाला खरं टोचतंय ते मित्राच्या घरी झालं ते. म्हणून तिथूनच सुरुवात करते. त्याच्याकडे पुन्हा जा. फोन करू नका, फोनवर नीट ऐकू येणार नाही आणि नवा घोळ व्हायचा. घरात गर्दी नसेल अशा वेळी जा आणि सांगा, ‘त्या दिवशी तू काय सांगत होतास ते मला ऐकूच आलं नाही. मी अंदाजाने बोललो. आता समोर बस आणि परत सांग.’ एवढं पुरे. जुना मित्र आहे. तोही तुमच्याच प्रेस शॉपचा असेल, तर त्याचे कानही काही शाबूत नसतील.

मान हलवण्याची ही सवय कान कमी झालेल्या जवळजवळ सगळ्यांना लागते. दोनदा ‘काय?’ विचारून झालं की तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते. मग समोरचा हसला की आपण हसायचं, तो गंभीर झाला की आपणही व्हायचं. बहुतेक वेळा निभावतं, म्हणून ती सवय पक्की होते. मशीन, डॉक्टर, सर्टिफिकेट, सगळं पुढे सांगते. पण ‘हो हो’ म्हणणं तसंच चालू राहिलं तर लाखाच्या मशीननेही काही होणार नाही.

आता काकूंची तक्रार. ‘हवं तेवढं ऐकू येतं’ हे ऐकलं नाही असं कान कमी झालेलं माणूस विरळा. त्यात काकूंचा दोष नाही, कारण त्यांना दिसतं ते खरंच तसं असतं. आतल्या कानात केसांसारखे तंतू असलेल्या बारीक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. प्रेसच्या दणक्याने काय किंवा वयाने काय, आधी जातात त्या वरच्या पट्टीतले, बारीक आवाज टिपणाऱ्या. आपल्या बोलण्यातले आ, ओ, ऊ हे खालच्या पट्टीतले आणि जोरकस. ते तुम्हाला पोहोचतात. स, श, फ, थ, क, ट हे बारीक आणि क्षणभराचे. ते गळून पडतात. त्यामुळे ‘साठ’, ‘पाठ’ आणि ‘काठ’ तुम्हाला तिन्ही जवळपास ‘आठ’च ऐकू येतात. आवाज येतो पण शब्द लागत नाही, तो असा.

ओरडल्याने जोर वाढतो तो आ आणि ओ यांचाच. शिवाय अशा कानांचं एक विचित्र असतं: हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा वाढवला की एकदम सहन होत नाही. म्हणून आधी तुम्ही ‘जरा मोठ्याने बोल’ म्हणता आणि पुढच्याच वाक्याला ‘ओरडतेस कशाला’ म्हणता. दोन्ही खरंच असतं. सकाळी चहाच्या वेळी, घर शांत असताना काकू समोर बसून बोलतात तेव्हा तुम्हाला नीट कळतं. संध्याकाळी त्या ओट्याकडे तोंड करून, मिक्सर चालू असताना काही विचारतात तेव्हा काहीच नाही. त्यांना वाटतं, मुद्दाम करताय. त्यात दिवसभर अर्धे शब्द ऐकून उरलेले जुळवता जुळवता डोकं थकतं, म्हणून संध्याकाळी आणखी कमी कळतं. एवढा भाग काकूंना वाचायला द्या. तुम्ही वाचून दाखवू नका, भांडण होईल.

मशीन आठवड्यात कपाटात गेलं याचं मला नवल वाटलं नाही. पत्रात किंमत आहे, पण तपासणीचा उल्लेख नाही आणि दुसऱ्यांदा सेटिंगला गेल्याचाही नाही. तुम्ही प्रेसवर नवी डाय चढवल्यावर पहिलाच पीस पास करत होतात का? पीस काढायचा, मोजायचा, शिमची पातळ पट्टी सारायची, परत पीस. कानाच्या मशीनचंही तसंच असतं. दुकानातून आणलं, कानात घातलं आणि ऐकू आलं, असं होत नाही.

तेव्हा आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. कानात मळ घट्ट बसला असेल, पडद्याला भोक असेल, तर ते आधी बघायला हवं. तुमचं कमी होणं वर्षानुवर्षांचं आहे, त्यामुळे घाईचं कारण नाही. पण हे घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा: चांगला असलेला कान एक-दोन दिवसांत एकाएकी बंद पडला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तिथे पहिल्या काही दिवसांतल्या औषधाने कान वाचण्याची शक्यता असते; ‘सर्दीने दडा बसलाय’ म्हणून वाट बघणाऱ्यांची ती वेळ निघून जाते.

तिथून ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे. आवाजबंद खोलीत हेडफोन लावतात, बारीक ‘टुई’ ऐकू आली की बटण दाबायचं. त्यातून कुठल्या पट्टीतलं किती गेलंय त्याचा आलेख निघतो. त्याची प्रत मागून घ्या, ती तुमची आहे. नुसत्या टुईवर थांबू नका, शब्द ऐकवून करायची तपासणीही करून मागा. तुमची अडचण आवाजाची कमी आणि शब्दांची जास्त आहे. जुनं मशीन सोबत न्या. दोन वर्षांचं डिजिटल मशीन नव्या आलेखाप्रमाणे पुन्हा सेट करता येतं, लगेच नवं घ्यायची गरज नाही. ‘नीट नाही’ एवढंच सांगू नका, त्याने समोरच्याला काही कळत नाही. आठवडाभर वहीत टिपून न्या: स्टीलचं ताट ठेवलं की टोचतं, नातवाचं कळत नाही पण मुलाचं कळतं, जेवताना शिट्टी वाजते. ताट टोचत असेल तर मोठ्या आवाजांची मर्यादा खाली आणतात. शिट्टी वाजत असेल तर बहुधा साचा, म्हणजे मशीनचा कानात बसणारा भाग, सैल आहे, तो तुमच्या कानाच्या मापाचा करून घ्यावा लागतो. अशा दोन-चार फेऱ्या होतीलच, त्या धरूनच चाला.

दोन्ही कान सारखेच कमी असतील, तर एकाच कानाला मशीन लावून गर्दीत फारसं हाती लागत नाही. हॉर्न कुठल्या बाजूने आला हे दोन कानांच्या तुलनेतून कळतं. त्रिमूर्ती चौकात रस्ता ओलांडताना त्याला किंमत आहे. दुसरं घ्यायचं ठरलं तर काही दिवस घरी वापरून बघायला मिळेल का ते विचारा आणि मगच पैसे द्या. मोबाइलवर जाहिराती येतात, ‘कोणाला दिसणार नाही’, दीड-दोन हजारांत. ती नुसती आवाज वाढवायची यंत्रं असतात. ताट आणि माणूस दोन्ही सारखंच वाढवतात. त्या वाटेला जाऊ नका.

आणि यावेळी पहिल्याच दिवशी मशीन घालून मेन रोडला जाऊ नका. घरात, शांत वेळी, एक-दोन तास, एकाच माणसाशी बोलताना वापरा. पेपर मोठ्याने वाचा, स्वतःचा आवाज विचित्र वाटतो तो त्याने हळूहळू सरावाचा होतो. मग टीव्ही, मग स्वयंपाकघर, बाहेरचा रस्ता सगळ्यात शेवटी. पंख्याची घरघर, पिशवीची चुरचुर हे आवाज तुमच्या मेंदूने कित्येक वर्षांत ऐकलेले नाहीत. त्यातलं कुठलं सोडून द्यायचं हे तो पुन्हा शिकतो आणि त्याला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. एकदा जमलं की आंघोळीनंतर घालायचं ते झोपताना काढायचं. फक्त लग्नाला जाताना घातलेलं मशीन लग्नात त्रासच देतं.

बॅटरीची सवय लावून घ्या. त्या छोट्या गोल बॅटऱ्या हवेवर चालतात, म्हणून त्यांवर स्टिकर असतो. स्टिकरच्या रंगावरून नंबर ओळखायचा: केशरी म्हणजे १३, तपकिरी म्हणजे ३१२. स्टिकर काढला की मिनिटभर हवेत ठेवा, मग बसवा. रात्री मशीन बॅटरीचं दार उघडून ठेवा, पावसाळ्यात सिलिका जेलच्या डबीत. साच्याच्या भोकात मळ अडकला तरी मशीन बंद पडल्यासारखं वाटतं. निम्मी ‘बिघडलेली’ मशीनं तिथेच दुरुस्त होत असावीत, असा माझा समज आहे.

पैशांचं आणि कागदांचं थोडक्यात सांगते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ प्रमाणे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची घट म्हणजे श्रवणदोष आणि ७० च्या वर म्हणजे कर्णबधिरत्व. तुमचा आलेख त्याच्या आसपास असेल तर सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, अर्ज करा. तपासणी आपल्या जिल्हा रुग्णालयात होते. कान कुठल्या वारी बघतात ते आधी विचारून जा. कधी बेरा नावाची, आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते बघणारी तपासणीही मागतात. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. एसटीचं अर्धं तिकीट तुम्हाला वयामुळेच मिळतं, त्यासाठी या फेऱ्या नकोत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये खात्यात मिळतात. तेवढ्या पैशांत चांगलं मशीन येत नाही. साचा आणि बॅटऱ्या निघतात. सरकारी ठिकाणी सगळी तपासणी नीट करून घ्यायची असेल तर मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना केंद्राच्या योजनेतून मशीनही मिळू शकतं. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरलात की पुढे लोकल. आणि तुमच्या लाइनीत अजून काम करणारी जी पोरं आहेत त्यांना सांगा, कामाच्या जागच्या आवाजाने येणारा बहिरेपणा ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. इअरप्लग खिशात ठेवायला दिलेले नाहीत.

घरात काय बदलायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवा, एखाद्या रविवारी जेवायला बसताना. टीव्ही बंद. पंखा चालेल, मिक्सर आधी उरकून घ्यायचा. तुम्ही भिंतीला पाठ करून बसा, म्हणजे मागून गोंगाट येणार नाही आणि सगळ्यांचे चेहरे समोर राहतील. उजेड त्यांच्या तोंडावर हवा, तुमच्या डोळ्यांत नको. ओठ आणि चेहरा बघून किती कळतं हे तुमच्याही लक्षात आलं नसेल. दुसऱ्या खोलीतून हाक मारून बोलणं बंद. आधी नाव घ्यायचं, तुम्ही बघितलं की मग बोलायचं. एका वेळी एकानेच बोलावं असंही लिहिणार होते, पण मराठी घरात ते व्हायचं नाही. निदान विषय बदलला की कोणीतरी तुम्हाला सांगावं, ‘आता गावच्या जागेचं चाललंय.’

तुमच्याकडून एकच बदल हवा. ‘काय?’ म्हणू नका. ‘काय?’ म्हटलं की समोरचा तेच वाक्य तसंच, फक्त ओरडून सांगतो. जेवढं कळलं तेवढं म्हणा आणि राहिलेलं विचारा: ‘निफाडला लग्न आहे हे कळलं, तारीख कुठली म्हणालीस?’ समोरच्याला कळतं की तुमचं लक्ष होतं, आणि त्याला एकच शब्द परत सांगायचा असतो. तरी नाही कळलं तर ‘वेगळ्या शब्दांत सांग’ म्हणा. तारखा, रकमा आणि औषधांच्या वेळा मात्र तुम्ही उलट म्हणून दाखवायच्या, किंवा सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यायच्या. अँड्रॉइड फोनवर गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब नावाचं अ‍ॅप आहे. समोरचा बोलतो ते मराठीत अक्षरांत उमटतं. गोंगाटात ते चुकतं, नावांची तर वाट लावतं, पण बँकेच्या खिडकीवर किंवा डॉक्टरांसमोर फार कामाला येतं. नातवाकडून टाकून घ्या.

ज्येष्ठ नागरिक संघात परत जा, पण पहिल्याच दिवशी तीस जणांच्या सभेत नको. आधी दोघा-तिघांबरोबर सकाळी फिरायला जा. चालताना तुमचा चांगला कान त्यांच्याकडे येईल असे चाला. पहिल्याच वाक्यात सांगून टाका, ‘मला या बाजूने कमी ऐकू येतं, माझ्याकडे बघून बोला.’ न सांगता तुम्ही तुटक वाटता, सांगितल्यावर लोक जागा बदलून बसतात. आणि तुमच्या संघात कपाटात मशीन ठेवलेले तुम्ही एकटेच असाल, यावर माझा विश्वास नाही. अध्यक्षांना सांगून एक दिवस फक्त कानांवर ठेवा: कोणाचं मशीन कुठलं, शिट्टी कशी थांबवली, सेटिंगला कोणाकडे गेले. एखाद्या ऑडिओलॉजिस्टला बोलवा. आपल्याकडे कानांच्या संस्था बहुतेक लहान मुलांच्या. नाशिकला माई लेले श्रवण विकास विद्यालय आहे तशा. उतारवयात कान गेलेल्यांना आपला गट आपणच जमवावा लागतो. फारच एकटं वाटलं, झोप उडाली, तर डॉक्टरांना तेही सांगा. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. फोनवर ऐकू येत नसेल तर काकूंना बोलायला लावा.

व्याख्यानमालेला पुढच्या मे महिन्यात जा. यशवंतराव महाराज पटांगणावर लवकर पोहोचा आणि वक्त्याचं तोंड दिसेल अशी पुढची जागा धरा. स्पीकरच्या पुढ्यात बसू नका. मशीनमध्ये समोरचाच आवाज उचलायचा प्रोग्रॅम असेल तर तो कसा लावायचा ते आधी विचारून ठेवा. चार वाक्यं सुटली तर सुटली. मान्यवरांच्या स्वागताची सुटली तर उलट बरंच.

स्मरणशक्तीचं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं अर्धं खरं आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत ऐकू न येणं धरलं आहे. याचा अर्थ कान गेलेल्या प्रत्येकाची बुद्धी जाते असा नाही. धोका वाढतो, इतकंच. २०२३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात सत्तरी ओलांडलेल्यांना मशीन आणि नीट मार्गदर्शन देऊन तीन वर्षं पाहिलं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर फरक पडला नव्हता. पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्यांच्या आकलनाची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. मशीन म्हणजे विस्मरणावरचं औषध असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मात्र घरात गप्प बसून राहणं कुठल्याच डोक्याला चांगलं नाही.

राहिला नातू. नाशिकच्या पोराला ढोल वाजवू नको सांगणारी मी कोण? वाजवू दे, पण प्लग लावून. साधारण ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो असं धरतात, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. पथकाच्या मध्ये उभं राहिलं की आवाज त्याहूनही वर जातो, आणि ताशा तर ढोलापेक्षा जास्त चिरतो. कापसाचे बोळे काही कामाचे नाहीत. मेडिकलमध्ये फोमचे प्लग स्वस्तात मिळतात: बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सारायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. ते तुम्हीच त्याला शिकवा, कंपनीत कधीतरी शिकवलं असेलच. सरावात मध्ये मध्ये लांब जाऊन बसायला सांगा. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर त्या दिवशी आवाज जास्त झाला असं समजायचं, आणि दुसऱ्या सकाळीही ती गेली नाही किंवा कमी ऐकू येऊ लागलं, तर सराव थांबवून त्याचे कान तपासून घ्यायचे.